परदेशी टीमबरोबर हरित इमारत बांधताना: ‘हो’ नेमकं कशाला म्हटलं ते आधी लिहून घ्या

चाकणजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिस इमारतीला उन्हापासून सावली देणारे लूव्हर्स आले, आणि ते एका मजल्याने चुकलेले निघाले. जपानी नकाशावर ‘२एफ’ लिहिलं होतं. आमच्याकडे ते ‘सेकंड फ्लोअर’ असं वाचलं गेलं. जपानमध्ये जमिनीलगतचा मजला पहिला असतो, म्हणजे त्यांचा दुसरा तो आपला पहिला. दोन आठवडे निष्काळजीपणा कुणाचा यावर मेल फिरत राहिले. निष्काळजीपणा कुणाचाच नव्हता. गंमत अशी की त्या प्रकल्पाच्या सुरुवातीला ‘संस्कृतीतले फरक’ या विषयावर आमचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, हे आम्हाला त्यात शिकवलं होतं. मजले कसे मोजतात, हे नाही.

जर्मन, जपानी किंवा अमेरिकन सल्लागारांबरोबर काम करणारे आर्किटेक्ट, एमईपीवाले (एसी, वीज आणि प्लंबिंग पाहणारे), ग्रीन कन्सल्टंट आणि प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर यांच्यासाठी हा लेख आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक जण पाचव्यापासून सुरू करतात आणि पहिल्या दोनांसाठी नंतर पैसे मोजतात.

## सुरू करण्याआधी

तीन गोष्टी तयार ठेवा: एक शब्दांचा तक्ता, एक निर्णयवही आणि एक सामाईक कॅलेंडर. तिन्ही साध्या स्प्रेडशीटमध्ये चालतात. शिवाय या तिन्हींचा एकच मालक ठरवा. तो दुभाषा नसला तरी चालेल, पण नकाशा वाचता येणारा आणि साहेबांना ‘हे कळलं नाही’ असं विचारायला न लाजणारा हवा. आपल्याकडे हे काम ऑफिसातल्या सर्वांत नव्या मुलाकडे जातं. तसं करू नका. नवा मुलगा विचारत नाही, अंदाज बांधतो.

## १. शब्दांचा तक्ता: पहिल्या नकाशाच्या आधी

पहिल्या बैठकीत हरित उद्दिष्टांची भाषणं होतात. त्यातला एक तास कापून हा तक्ता भरा.

मजले: जर्मनीत आपल्यासारखंच, तळमजला वेगळा आणि त्यावरचा पहिला. जपानमध्ये आणि अमेरिकेत तळमजला हाच पहिला. उपाय सोपा आहे. मजल्याच्या नावाशेजारी लेव्हल लिहा, उदाहरणार्थ ‘+४.२० मी.’. लेव्हल नसलेला नकाशा परत पाठवा.

आकडे: जर्मन सहकारी १.२५० लिहितो तेव्हा त्याला साडेबाराशे म्हणायचं असतं, कारण तिथे टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी असतो. आपले ४,५०,००० त्याला टायपिंगची चूक वाटते. तारखेचंही तेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. महिना अक्षरांत लिहायचा, विषय संपला.

एकके: आपण एसी टनांत मोजतो, युरोपात किलोवॉट. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट थंडावा. हे विजेचे किलोवॉट नव्हेत. आमच्या एका बैठकीत ‘गच्चीवर शंभर टन येणार’ असं कुणी म्हटलं आणि पलीकडच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅबवरच्या वजनाचा हिशेब सुरू केला. इन्सुलेशनची अमेरिकन आर-व्हॅल्यू, म्हणजे ते उष्णता किती अडवतं त्याचा आकडा, मेट्रिकमध्ये आणायला ५.६७८ ने भागावं लागतं, म्हणजे त्यांची १९ ती आपली सुमारे ३.३५. काचेच्या जुन्या कॅटलॉगमध्ये शेडिंग कोइफिशंट असतो, म्हणजे साध्या काचेच्या तुलनेत किती उष्णता आत येते तो आकडा. एसएचजीसी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेतला आत येणारा वाटा, हवा असेल तर त्याला ०.८७ ने गुणा.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र क्षेत्रफळाची. इमारत वर्षाला ४,५०,००० युनिट वीज घेते असं धरू. बिल्टअप ५,००० चौरस मीटर घेतलं तर ऊर्जा निर्देशांक, म्हणजे चौरस मीटरमागे वर्षाची युनिटं, ९० येतो. आतलं निव्वळ क्षेत्र ४,००० घेतलं तर ११२.५. जर्मन सल्लागार पुढे प्राथमिक ऊर्जेत, म्हणजे वीज बनवायला लागलेल्या इंधनाच्या हिशेबात, बोलतो. तिथल्या कायद्यात ग्रिडच्या विजेसाठी १.८ हा गुणक आहे, म्हणजे तोच आकडा २०२.५ होतो. इमारत एक, वीज एक, आकडे तीन. ‘तुमची इमारत आमच्या दुप्पट वीज खाते’ असं ऐकून आपली माणसं दुखावतात आणि ‘हे लोक आपल्याला कमी लेखतात’ अशी कुजबुज सुरू होते. अपमान कुणी केलेला नसतो, भागाकार वेगळा केलेला असतो.

तपासा: पलीकडच्या टीमला एक जुनी इमारत द्या आणि तिचं क्षेत्रफळ व ऊर्जा निर्देशांक काढायला सांगा. तुम्हीही काढा. आकडे जुळले की पुढे जा.

## २. ‘आराम’ म्हणजे काय ते ठरवा

इथे घाई करू नका. हरित इमारतीत यंत्रं कमी आणि माणसांच्या सवयींवर भिस्त जास्त असते, आणि सवयी नकाशात दिसत नाहीत.

आधी तापमान. जपान सरकारने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली: टाय-कोट उतरवा आणि ऑफिसात एसी २८ अंशांवर ठेवा. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर आलं. आणि प्रत्यक्षात? डायरेक्टरच्या केबिनमध्ये १९. पाहुणा आल्यावर गारवा जाणवला पाहिजे, हा आपल्याकडे आदरातिथ्याचा भाग आहे. परदेशी सल्लागार २६ धरून मॉडेल करतो, सगळे मान डोलावतात आणि वापर सुरू झाल्यावर हिशेब कोसळतो. हा वाद तापमानाच्या एका आकड्यावर मिटत नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय ऑफिसांसाठी आयमॅक नावाचं आराम मोजण्याचं मॉडेल तयार झालं आहे. बाहेरचं हवामान बदलतं तशी आतली सोसणारी मर्यादा सरकते, हे ते मान्य करतं. परदेशी टीमला ते पहिल्याच महिन्यात दाखवा. त्यांच्याकडे फक्त अ‍ॅश्रे ५५ किंवा आयएसओ ७७३० या आरामाच्या परदेशी मानकांचे संदर्भ असतील, तर चर्चा एकतर्फी होते.

मग खिडक्या. रात्री खिडक्या उघड्या ठेवून इमारत थंड करायची, ही युरोपीय सल्लागाराची आवडती कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण तिला डास, धूळ, कबुतरं आणि वॉचमन ठाऊक नाहीत. वॉचमन सात वाजता फेरी मारून प्रत्येक खिडकी लावतो, कारण उघडी दिसली तर सकाळी त्यालाच बोलणी बसतात. जाळी बसवली की हवा कमी येते आणि मॉडेलमधला प्रवाह चुकतो. म्हणून जाळी, ग्रिल आणि वॉचमनची ड्युटी या तिन्ही गोष्टी डिझाइनमध्ये पहिल्यापासून घाला. उलट दिशेने आपलीही चूक होते. पॅसिव्ह हाउस या अगदी कमी ऊर्जेच्या, हवाबंद इमारतीच्या जर्मन मानकासाठी ५० पास्कल दाबाला तासाला ०.६ पेक्षा जास्त हवाबदल गळता कामा नये (एक हवाबदल म्हणजे आतली सगळी हवा एकदा बदलणं). ‘एवढं काटेकोर कशाला, सिलिकॉन मारू’ असं आपण म्हणतो. जिथे हवाबंदपणावरच सगळं गणित उभं आहे, तिथे सिलिकॉन मारून भागत नाही.

पाणी. परदेशी तक्त्यात टॉयलेटचा जेट स्प्रे बहुधा नसतोच. कॅन्टीनबाहेर जेवणानंतर हात धुवायला, चूळ भरायला आणि डबा विसळायला रांग लागते, हेही त्यांना दिसत नाही. त्यांनी दोन बेसिन दिली तर पुढे माणसं टॉयलेटमध्ये डबे धुतील. जवळच्या चालू कारखान्यात त्यांना जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं उभं करा. कुठल्याही सादरीकरणापेक्षा लवकर पटतं.

आणखी एक, हसू येईल असं. खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, धूप-उदबत्ती लागते, स्मोक डिटेक्टर वाजतो. त्या दिवशी कुणी तरी सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी बांधतं आणि ती वर्षभर तशीच राहते. पूजेची जागा आणि त्या दिवसापुरतं डिटेक्टर बंद-चालू करण्याची लेखी पद्धत आराखड्यातच ठेवा.

सावध: ‘वापरणाऱ्यांना नंतर शिकवू’ हे वाक्य इतिवृत्तात आलं, तर हा टप्पा अपुरा राहिला आहे.

## ३. निर्णय कोण घेतो आणि कुठे

तिन्हीकडे बैठका होतात, पण प्रत्येक ठिकाणी बैठकीचं काम वेगळं असतं.

जपानी पद्धतीत निर्णय बैठकीआधीच शिजलेला असतो. त्याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. मूळ शब्द बागकामातला आहे: झाड हलवण्याआधी त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करायची. एकेकाला आधी भेटून शंका काढल्या जातात, मग ‘रिंगी’चा कागद शिक्क्यांसाठी फिरतो, आणि बैठक उरते ती जाहीर करण्यापुरती. अशा बैठकीत तुम्ही नवा पर्याय काढलात, तर समोरचे शांत होतील. त्या शांततेला संमती समजू नका. नवी सूचना आठवडाभर आधी, एका पानावर, प्रत्येकाला वेगळी पाठवा.

जर्मन टीममध्ये बैठक ही भांडायची जागा. आक्षेप तिथेच, तोंडावर, सगळ्यांसमोर येतो. ‘हे असं चालणार नाही’ हे त्यांच्या लेखी नकाशाबद्दलचं विधान असतं. आपल्याकडे साहेबांसमोर ते ऐकलेल्या माणसाला दोन दिवस जेवण जात नाही. मात्र एकदा ठरलं की ते ठरलं. तिथे आर्किटेक्टच्या कामाचे नऊ टप्पे ठरलेले आहेत, आणि पाचव्यात बांधकामाचे तपशीलवार नकाशे पूर्ण होतात, निविदेच्या आधी. आपल्याकडे खोदाई सुरू असताना ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’, म्हणजे बांधायला मंजूर, नकाशे हप्त्याहप्त्याने निघतात. म्हणून ‘डिझाइन पूर्ण’ या शब्दांवर सर्वांत जास्त तंटे होतात.

आणि आपण? आपल्याकडे निर्णय बैठकीत होतो, तो संध्याकाळी मालकांच्या फोनवर बदलतो आणि सोमवारी कॉन्ट्रॅक्टरला कळतो. परदेशी टीमला कळत नाहीच. आपली हीच सवय सहकार्याला सगळ्यात जास्त मारते, असं माझं मत आहे. भाषेची अडचण तिच्या मानाने किरकोळ.

निर्णयवहीत पाच रकाने ठेवा: काय ठरलं, कोणी ठरवलं, कोणत्या तारखेपर्यंत बदलता येईल, बदलल्यास कोणतं गणित पुन्हा करावं लागेल, आणि कळवलं कोणाला. चौथा रकाना विसरू नका. काचेचा रंग बदलला की उष्णतेचा, उजेडाचा आणि चिलरचा असे तीन हिशेब बदलतात, हे मालकांना त्या रकान्यामुळेच दिसतं.

वेळ असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांना काही दिवस एका खोलीत बसवा. भारत-स्वित्झर्लंड यांच्या ‘बीप’ या इमारत-ऊर्जा कार्यक्रमात हीच रीत होती: मालक, आर्किटेक्ट, एमईपी आणि तज्ज्ञ एकत्र बसून पर्याय मोजायचे. त्याला ते शारेट म्हणत. जयपूरचं अरण्य भवन या कार्यक्रमातलंच. समोरासमोर आकडा निघाला की नंतर फोनवर तो फिरवणं अवघड जातं.

## ४. ‘हो’चं भाषांतर

जपानी सहकारी ‘हाय’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच असतो. ‘मुझुकाशी’, म्हणजे अवघड आहे, हा नकार समजा. ‘विचार करतो’ हाही बहुधा नकारच.

पण त्यांना नावं ठेवायची सोय आपल्याला नाही. ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’, ‘थोडंसंच राहिलंय’. यांतला एक तरी शब्द तारीख सांगतो का? आपल्या कानाला ‘बघतो’ मधला नकार ऐकू येतो, जर्मन माणसाला नाही. तो ‘बघतो’ हे काम हाती घेतलं म्हणून लिहून ठेवतो आणि दोन आठवड्यांनी विचारतो. मग आपण त्याला चिकट म्हणतो आणि तो आपल्याला बेभरवशाचे.

‘जमेल का?’ असा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर आपल्या भागात नेहमी ‘हो’ असतं. विचारा: ‘कोण करणार, किती, कोणत्या तारखेला, आणि त्याआधी तुला कुणाकडून काय हवं?’ धोका काढायचा असेल तर एकट्याला, चहाच्या टपरीवर विचारा: ‘यात कुठे अडकेल असं वाटतं?’ ज्युनिअर इंजिनिअरला साहेबांसमोर बोलता येत नाही, पण सगळी खरी माहिती त्याच्याकडेच असते. परदेशी टीमलीडरलाही ही युक्ती सांगा. बैठकीत ‘कुणाला शंका?’ विचारून शांतता मिळाली की तो समाधानाने फोन ठेवतो. तसं होऊ देऊ नका.

सावध: हे सगळे कल आहेत, माणसं नव्हेत. गोलमोल बोलणारे जर्मन आणि फटकळ जपानी मी पाहिले आहेत. आणि पुण्यातलं ऑफिस व चाकणची साइट यांच्यातली दरी कधीकधी पुणे-म्युनिकपेक्षा रुंद असते.

तपासा: बैठक संपल्यावर दोन्ही बाजूंनी इतिवृत्त स्वतंत्र लिहा, पाच ओळींत. पहिल्या तीन बैठकांपुरतं पुरे. फरक स्वतःहून दिसतील.

## ५. कॅलेंडर

युरोपात ऑगस्टमध्ये आणि नाताळ ते नववर्ष माणूस मिळत नाही. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्याला ओबोन. आपल्याकडे गणपती, दिवाळी. आणि कामगारांचं कॅलेंडर त्याहून वेगळं: होळी आणि छठ. साइटवरची बिहार-उत्तर प्रदेशची माणसं तेव्हा गावी जातात आणि ठरलेल्या दिवशी परतत नाहीत. पितृपक्षात अनेक मालक नवं काम सुरू करत नाहीत. परदेशी टीमला हे विचित्र वाटेल, पण त्यांना वादात ओढण्यापेक्षा ते दोन आठवडे कॅलेंडरवर रंगवून टाका.

पावसाळा हा सण नाही, पण त्यालाही रंगवा. माती वाहून जाऊ नये म्हणून करायचे बांध आणि गाळाचे खड्डे जूनच्या आधी हवेत. युरोपीय वेळापत्रकात ते ‘साइट सुरू झाल्यावर’ असतात.

बैठकीची वेळ: आपले दुपारी साडेबारा म्हणजे टोकियोत चार, जर्मनीत उन्हाळ्यात नऊ आणि हिवाळ्यात आठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं बदलतात. त्यानंतरच्या सोमवारी कुणी तरी हमखास तासभर एकटं बसतं.

## ६. कागद: शिक्का की पुरावा

आपल्याकडे पुरवठादाराचं लेटरहेडवरचं, सहीशिक्क्याचं पत्र म्हणजे भरवसा. परदेशी सल्लागाराला आयएसओ १४०२५ प्रमाणे तिसऱ्या पक्षाने तपासलेलं पर्यावरणीय घोषणापत्र हवं असतं. ‘आमच्या शब्दावर विश्वास नाही का?’ असा सूर लागतो. विश्वासाचा प्रश्नच नाही. हरित इमारतीचं प्रमाणपत्र तपासणारा त्याचा परीक्षक पत्र स्वीकारत नाही, एवढंच. खरेदीच्या ऑर्डरमध्येच कागदांची यादी आणि ‘कागद आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही’ ही अट घाला. माल उतरल्यावर कागद मागणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहणं.

बांधकामाचा कचरा भंगारवाला नेतो, रोख देतो, कागद शून्य. प्रमाणपत्रासाठी वजन लागतं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक गाडीची काट्याची पावती घ्या आणि फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते.

‘स्थानिक माल’ हा शब्दही तपासा. लीड या अमेरिकन हरित प्रमाणपत्राच्या चौथ्या आवृत्तीत साइटपासून १६० किलोमीटर, आयजीबीसी या भारतीय प्रमाणपत्रात ४००. शहाबादची फरशी एका हिशेबात बसेल, दुसऱ्यात नाही.

## ७. साइट: आधी नमुना, मग काम

इंग्रजी तपशिलाचे शंभर नकाशे मिस्त्रीपर्यंत पोचत नाहीत. खिडकीचा एक कोपरा खऱ्या मापाने बांधा: एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक, इन्सुलेशन, फ्रेम, टेप, सगळं. परदेशी तज्ज्ञ एकदाच येणार असेल, तर त्याला त्या दिवशी बोलवा. मिस्त्री हाताने करून दाखवेल, तज्ज्ञ हाताने दुरुस्त करेल, दोघांना भाषा लागणार नाही. मग त्या कोपऱ्याचे फोटो, हिंदी-मराठी ओळींसह, लॅमिनेट करून मजल्यावर टांगा.

जुगाडावर सरसकट बंदी घालू नका. मिस्त्रीची सुचवणी अनेकदा बरोबर असते. चूक असते ती न सांगता करण्यात. एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक ठेवा: बदल करायचा तर फोटो पाठवा, चोवीस तासांत उत्तर मिळेल. आणि उत्तर खरंच द्या. ‘इक्विव्हॅलंट’ मालाचा निर्णय खरेदी विभागावर सोडू नका. तिथे समान म्हणजे समान किमतीचा.

इथे संस्कृतीची मदतही होते. आपलं भूमिपूजन, जपानी लोकांचं जिचिनसाई, जर्मनांचं छताचा सांगाडा चढल्यावरचं रिश्टफेस्ट: तिघांनाही कामाच्या जागेला नमस्कार करायची रीत ठाऊक आहे. वास्तूत ईशान्य पवित्र आणि जपानी परंपरेत तीच ईशान्य अशुभ दाराची. कारणं उलटी, पण तिथे शौचालय दोघांनाही नको. हा एक तंटा तरी आयता मिटतो.

## ८. ताबा देताना

परदेशी टीम चाचण्या करून, विमान पकडून जाते. इमारत चालवतो तो तिसऱ्या कंपनीचा, बारा तासांच्या पाळीतला ऑपरेटर. त्याच्यासाठी जाडजूड मॅन्युअल नको. एक पान मराठीत: कोणता दिवा लागला तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा.

चाचण्या एप्रिल-मे आणि जुलै अशा दोनदा ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात पास झालेली यंत्रणा पावसाळ्यातल्या दमटपणात वेगळी वागते. करारात एका वर्षानंतरची भेट लिहून घ्या आणि तिचे पैसे आत्ताच राखून ठेवा.

त्या भेटीत सगळ्यात आधी प्लँट रूममध्ये जा आणि बीएमएसच्या, म्हणजे इमारतीची यंत्रं आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पॅनेलवरचे स्विच पाहा. ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर किती आहेत ते मोजा. मग ऑपरेटरला विचारा, पण साहेबांना आधी चहाला पाठवून.